नव्या संगणकाचा पडदा उजळत नाही तेव्हा

बारावीचे निकाल लागून अभियांत्रिकीच्या प्रवेशाची धांदल सुरू झाली, की सोलापुरातील पुष्कळ घरांत संगणकाची खरेदी निघते. आणि तयार यंत्र घेण्यापेक्षा सुटे भाग जमवून ते घरीच जोडण्याकडे अलीकडच्या मुलामुलींचा ओढा असल्यामुळे, प्रोसेसर नवी पेठेतून, ग्राफिक्स कार्ड पुण्याहून किंवा हैदराबादेहून आणि उरलेले जिन्नस इंटरनेटवरून, अशी ती खरेदी चार वाटांनी घरात येते. मग जोडणी पुरी होऊन बटण दाबले जाते, पंखे फिरू लागतात, कॅबिनेटमधले रंगीत दिवे लखलखतात, आणि मॉनिटर मात्र काळाच राहतो. ‘डिस्प्ले येत नाही, मदरबोर्ड जळाला असेल का?’ ही विचारणा वाचकांकडून इतक्या वेळा होते, की तिचे उत्तर एकदा सविस्तर द्यावे हे बरे.

बहुधा जळालेला नसतो. नव्या जोडणीत एखादा भाग मुळातच निकामी निघण्याचे प्रसंग येतात, नाही असे नाही. परंतु अर्धवट बसलेली रॅम, लावायची राहून गेलेली वीजजोडणी, भलत्याच जागी खोचलेली केबल आणि नव्या प्रोसेसरला न ओळखणारे जुने बायोस ही कारणे त्याहून कितीतरी अधिक वेळा आढळतात, आणि त्यांपैकी बहुतेकांना एक पैसाही खर्च लागत नाही. म्हणून जे फुकट व निरुपद्रवी ते आधी तपासावे, जे खर्चाचे किंवा केल्यावर परत न फिरवता येणारे ते अखेरीस. आणि एका वेळी एकच बदल करावा. दोन बदल एकदम करून पडदा उजळला, तर दोष नेमका कशात होता याचा दाखला आपल्या हाती उरत नाही, आणि सदोष भाग बदलून मागण्याची वेळ आलीच तर दुकानदारासमोर हाच दाखला उपयोगी पडतो. प्रत्येक पायरीवर काय केले व काय दिसले हे एका कागदावर तारीखवार टिपून ठेवावे.

आधी लक्षण ठरवा

‘संगणक चालत नाही’ या एका वाक्यात तीन निरनिराळ्या तक्रारी दडलेल्या असतात, आणि प्रत्येकीची वाट वेगळी आहे.

- बटण दाबूनही काहीच हालचाल नाही. प्रश्न विजेचा किंवा बटणाच्या बारीक तारांचा आहे. रॅम आणि ग्राफिक्स कार्ड यांना तूर्त हात लावू नये.
- यंत्र सुरू होते, काही सेकंदांत बंद पडते आणि पुन्हा आपोआप सुरू होते. रॅम नीट न बसणे, प्रोसेसरची वीज अपुरी असणे, कोठेतरी शॉर्ट असणे, किंवा कूलर प्रोसेसरला टेकलेलाच नसणे, यांपैकी काहीतरी संभवते.
- पंखे व दिवे अखंड चालू, पडदा काळा. बहुतेक वाचकांची तक्रार हीच असते, म्हणून पुढील विवेचन मुख्यतः तिला धरून आहे.

मॉनिटरवर ‘नो सिग्नल’ अशी अक्षरे क्षणभर उमटत असतील, तर मॉनिटर स्वतः धडधाकट आहे असे समजावे. त्याचा दिवाच लागत नसेल तर आधी त्याची स्वतःची वीजजोडणी पाहावी.

स्क्रू-ड्रायव्हर हाती घेण्यापूर्वी

केबल मॉनिटरच्या ज्या छिद्रात आहे तेच छिद्र मॉनिटरच्या मेन्यूमध्ये निवडलेले आहे, याची खातरजमा करावी. एचडीएमआय लावून डिस्प्लेपोर्टची वाट पाहत बसलेले मॉनिटर पुष्कळ असतात. मॉनिटर आणि केबल हे दोन्ही एखाद्या लॅपटॉपला लावून पाहिले, म्हणजे त्या दोघांवरचा संशय एकदम दूर होतो.

त्यानंतर कॅबिनेटच्या पाठीमागे पाहावे. तेथे चित्र बाहेर नेणारी छिद्रे दोन ठिकाणी असतात: वरच्या अंगाला उभ्या रांगेत मदरबोर्डची, आणि खाली आडवी ग्राफिक्स कार्डाची. स्वतंत्र ग्राफिक्स कार्ड बसवलेले असेल, तर केबल कार्डालाच लावली पाहिजे. मदरबोर्डच्या छिद्रांतून अशा वेळी बहुधा चित्र येत नाही. पहिल्यांदाच जोडणी करणाऱ्याच्या हातून ही चूक सहज होते, आणि ती सुधारायला अर्धे मिनिटदेखील लागत नाही.

याच्या उलट एक प्रसंग असतो, आणि तो अधिक क्लेशदायक ठरतो, कारण त्याचे मूळ खरेदीतच असते. काही प्रोसेसरांत चित्र निर्माण करण्याची सोयच नसते. इंटेलच्या ज्या प्रोसेसरांच्या क्रमांकापुढे ‘एफ’ हे अक्षर येते, उदाहरणार्थ आय५-१२४००एफ, ते सर्व या वर्गातले. आणि एएमडीचे रायझन ५६०० किंवा ५६००एक्स हेही त्यातलेच. रायझन ५६००जी मध्ये मात्र ती सोय आहे, आणि रायझन ७००० मालिकेतील प्रोसेसरांतही, ७५००एफ सारखे अपवाद वगळता, कामापुरती आहे. ‘ग्राफिक्स कार्ड दिवाळीत घेऊ, तोवर असेच चालवू’ असा बेत करून ‘एफ’चा प्रोसेसर घेतला असेल, तर यंत्र निर्दोष असूनही पडदा कधीच उजळणार नाही, दुकानदाराकडून प्रोसेसर बदलून घेणे किंवा एखादे साधे जुने कार्ड तात्पुरते मिळवणे एवढेच दोन मार्ग उरतात.

आणखी एक गोष्ट धीराची आहे. डीडीआर५ जातीची रॅम वापरणारे नवे मदरबोर्ड, विशेषतः रायझन ७००० व त्यापुढील प्रोसेसरांसाठीचे, पहिल्यांदा सुरू होताना रॅमची चाचणी घेऊन तिच्याशी जुळवून घेत असतात, आणि या काळात पडदा काळाच असतो. हे काम कधी काही मिनिटे चालते. त्या अवधीत घाबरून बटण दाबणारा मनुष्य ते काम पुन्हा पहिल्यापासून सुरू करतो, आणि असे चार वेळा केल्यावर यंत्र बिघडले असा ग्रह करून घेतो. पहिल्या खेपेस पंधरा मिनिटे यंत्राला मुळीच हात लावू नये.

विजेची वाट

आता भिंतीवरचे बटण बंद करून, पाठीमागची वायर काढून कॅबिनेट उघडावे. एसएमपीएसच्या पाठीवर स्वतःचे एक छोटे बटण असते. ते ‘शून्या’च्या बाजूस राहून गेले असल्यास यंत्र निपचित पडून राहते. काही स्वस्त किंवा जुन्या एसएमपीएसवर तांबडी सरकपट्टी असून तिच्यावर ११५ आणि २३० असे आकडे असतात. आपल्याकडील वीज २३० व्होल्टची आहे; पट्टी ११५ वर ठेवून बटण दाबल्यास एसएमपीएस तत्क्षणी जळेल, म्हणून ती आधीच पाहून घ्यावी.

मदरबोर्डला वीज दोन वाटांनी पोचवावी लागते. एक चोवीस पिनांची रुंद जोडणी उजव्या कडेला असते आणि ती कोणी विसरत नाही. दुसरी आठ पिनांची, प्रोसेसरच्या वरच्या कोपऱ्यात, पंख्याच्या आड दडलेली. ती विसरली जाते, आणि तीच प्रोसेसरला वीज पुरवते. ती नसली तरी पंखे फिरतात व दिवे लागतात, त्यामुळे सर्व काही ठीक आहे असा भास होतो. तिच्यासारखीच दिसणारी ग्राफिक्स कार्डाची जोडणी सहा आणि दोन अशी विभागलेली असते, तर प्रोसेसरची चार आणि चार अशी. दोहोंवर नावे छापलेली असतात ती वाचून मगच लावाव्यात, आणि जी सहज जात नाही ती बळाने दाबू नये. मोठ्या ग्राफिक्स कार्डाला एसएमपीएसकडून येणारी स्वतःची वायर लागते. ती विसरल्यास कार्डाचा पंखा फिरेल, कदाचित फिरणारही नाही, पण चित्र येणार नाही.

येथे एक कडक इशारा देणे प्राप्त आहे. ज्या एसएमपीएसच्या तारा दोन्ही टोकांनी सुट्या होतात, त्यांच्यात मित्राच्या दुसऱ्या कंपनीच्या एसएमपीएसची तार कधीही लावू नये. मदरबोर्डकडचे टोक सर्वत्र सारखे असले, तरी एसएमपीएसकडच्या टोकाची रचना कंपनीगणिक बदलते. तार बिनदिक्कत आत जाते आणि भलत्या पिनेवर भलता दाब देऊन मदरबोर्ड, डिस्क वा कार्ड यांचा कायमचा नाश करते. या लेखातील अन्य चुका बहुतेक निस्तरता येतात. ही येत नाही.

कॅबिनेटच्या उघड्या पत्र्याला हात लावताच झिणझिण्या येत असतील, तर घराच्या त्या प्लगला अर्थिंग नाही असे समजून वायरमनला बोलवावे. जुन्या वाड्यांत आणि चाळींत हा दोष दुर्मीळ नाही, आणि स्टॅबिलायझर किंवा यूपीएस लावल्याने तो दूर होत नाही.

बटण दाबूनही हालचाल नसल्यास कॅबिनेटच्या बटणाची बारीक दुपिनी तार मदरबोर्डच्या पुस्तिकेत दाखवलेल्या दोन पिनांवरच आहे का, ते पाहावे. तार काढून त्या दोन पिनांना स्क्रू-ड्रायव्हरचे टोक क्षणभर टेकवल्यास आणि यंत्र सुरू झाल्यास, दोष बटणात किंवा त्याच्या तारेत आहे. तेथील दाब अगदी अल्प असल्याने आपल्याला इजा होत नाही. शेजारच्या पिनांना मात्र स्पर्श होऊ देऊ नये.

रॅम

पडदा काळा असण्याच्या कारणांत रॅमचा मान मोठा आहे. नव्या मदरबोर्डचे खाचे घट्ट असतात, आणि महागाची वस्तू मोडेल या भीतीने आपण हलक्या हाताने दाबतो. तेथे खरोखर जोर लावावा लागतो, आणि टोकाची चाप ‘खट्’ असा आवाज करून बसेपर्यंत काम पुरे झालेले नसते. काही मदरबोर्डांना चाप एकाच टोकाला असते, तेव्हा दुसरे टोक उचललेले राहण्याचा संभव अधिक.

चार खाचे असतील आणि रॅमच्या दोन पट्ट्या असतील, तर प्रोसेसरकडून मोजून दुसऱ्या व चौथ्या खाच्यात त्या बसवाव्यात, असा बहुतेक मदरबोर्डांचा शिरस्ता आहे. आपल्या पुस्तिकेत ते पाहून घ्यावे. तपासासाठी क्रम असा:

1. वीज पूर्ण तोडून दोन्ही पट्ट्या काढाव्यात.
2. एकच पट्टी दुसऱ्या खाच्यात बसवून यंत्र सुरू करावे आणि थांबावे.
3. पडदा न उजळल्यास तीच पट्टी अन्य खाच्यांत पाहावी, मग दुसरी पट्टी घ्यावी.
4. पडदा उजळल्यास कोणती पट्टी कोणत्या खाच्यात चालली, हे टिपावे.

डीडीआर४ आणि डीडीआर५ यांची खाच वेगवेगळ्या जागी असते, त्यामुळे एकीच्या जागी दुसरी बसत नाही. इंटेलचे एच६१० मदरबोर्ड दोन्ही प्रकारांत मिळतात, आणि मागवताना येथेच घोटाळा होतो.

शहराच्या पूर्व भागात, जेथे घराच्या अंगणातच यंत्रमाग चालतात, तेथे हवेतील सुताचे तंतू खाच्यात शिरलेले मी पाहिले आहेत. रबरी ब्लोअरने ते उडवावेत. तोंडाने फुंकर घातल्यास थुंकीचे कण आत जातात.

मदरबोर्ड काय सांगतो

बहुतेक नव्या मदरबोर्डांवर चार इवले दिवे असतात. एसूस, एमएसआय, गिगाबाइट यांनी त्यांना निरनिराळी नावे दिली असली तरी बोर्डावर ‘सीपीयू’, ‘डीरॅम’, ‘व्हीजीए’ व ‘बूट’ अशी अक्षरे छापलेली असतात. यंत्र सुरू होताना ते एकामागून एक लागून विझतात. जो विझत नाही, त्याच्या अंगाला अडचण आहे. ‘डीरॅम’चा दिवा काही मिनिटे लागून राहिला तर वर सांगितलेली चाचणी चालू असू शकते, ‘व्हीजीए’चा राहिला तर ग्राफिक्स कार्ड काढून पुन्हा घट्ट बसवावे, ‘बूट’चा राहिला आणि पडदाही काळा असेल, तर संगणक स्वतः बहुधा सुरू झालेला आहे व दोष मॉनिटर किंवा केबलच्या बाजूला आहे.

‘सीपीयू’चा दिवा लागून राहिला आणि आठ पिनांची जोडणी ठीक असेल, तर बायोसच्या आवृत्तीचा विचार करावा. मदरबोर्ड दुकानात वर्षभर पडून असतो आणि प्रोसेसर त्याच्यानंतर जन्माला आलेला असतो. इंटेलचे एच६१० व बी६६० हे बोर्ड २०२२ च्या प्रारंभी आले, तर आय५-१३४००एफ हा प्रोसेसर २०२३ मध्ये. एएमडीचे बी६५० बोर्ड २०२२ मधले, तर रायझन ९००० मालिका २०२४ मधली. दोघांचे खाचे जुळतात, बैठक तीच, पण बोर्डाला त्या पाहुण्याची ओळख नसते. बोर्डाच्या पाठीमागे ‘बायोस फ्लॅशबॅक’ अशा नावाचे बटण असेल, तर प्रोसेसर न बदलताही नवी आवृत्ती घालता येते: कंपनीच्या संकेतस्थळावरून नेमक्या त्याच बोर्डाची फाइल घ्यावी, फॅट३२ पद्धतीने फॉरमॅट केलेल्या पेनड्राइव्हवर ती पुस्तिकेत सांगितलेल्या नावाने ठेवावी, नेमून दिलेल्या छिद्रात लावून बटण दाबावे आणि दिव्याची उघडझाप थांबेपर्यंत वाट पाहावी. या दरम्यान वीज गेली तर बोर्ड अडचणीत येतो. म्हणून हे काम यूपीएसवर करावे, आणि वळवाचे ढग जमलेल्या दुपारी तर करूच नये. बटण नसल्यास दुकानदाराकडून जुन्या प्रोसेसरच्या साहाय्याने करवून घ्यावे. त्यासाठी तो अल्प शुल्क घेईल, त्यास हरकत नसावी.

बायोसच्या सेटिंगचा घोळ वाटल्यास वीज तोडून बोर्डावरचा चपटा सेल (सीआर२०३२) पाच मिनिटे काढून ठेवावा व परत लावावा.

कॅबिनेटबाहेर मांडणी

इथवर सर्व करूनही पडदा काळा असेल, तर मदरबोर्ड कॅबिनेटमधून बाहेर काढून त्याच्याच खोक्याच्या पुठ्ठ्यावर ठेवावा, आणि प्रोसेसर, कूलर, रॅमची एकच पट्टी, एसएमपीएस व चित्रापुरते लागणारे कार्ड एवढ्यावरच सुरू करून पाहावा. पलंगावर चादर पसरून तिच्यावर मांडणी करण्याचा मोह सोलापुरात स्वाभाविक असला तरी टाळावा. चादर सुती असल्याने स्थिर विजेचा धोका सिंथेटिक गालिच्याइतका नसेल, परंतु तिचे तंतू पिनांत अडकतात. काम सुरू करण्यापूर्वी नळाला किंवा खिडकीच्या गजाला हात लावून अंगातली स्थिर वीज उतरवावी.

बाहेर सुरू झाला आणि आत होत नाही, तर बोर्डाखाली नको त्या जागी राहिलेला पितळी स्टँडऑफ किंवा निसटलेला स्क्रू शोधावा. बाहेरही होत नसेल, तर प्रोसेसर उचलून पिना पाहाव्यात: इंटेलमध्ये त्या बोर्डाच्या बैठकीत असतात, रायझन ५००० पर्यंत प्रोसेसरच्या अंगाला होत्या, आणि ७००० पासून त्याही बैठकीत गेल्या. वाकलेली पीन दिसल्यास स्वतः सरळ करू नये. आधी तिचे छायाचित्र घ्यावे. कूलरच्या तळाचे पारदर्शक प्लॅस्टिक काढायचे राहिले आहे का, हेही याच वेळी पाहावे.

मे महिन्यात ‘उन्हामुळे डिस्प्ले येत नसेल’ अशी समजूत घालणारे पुष्कळ भेटतात. पारा चाळिशीच्या पुढे गेला म्हणून नवा संगणक सुरूच होऊ नये, असे होत नाही. उष्णतेने यंत्र मंदावेल, तापून बंद पडेल, पण पहिल्या क्षणापासून पडदा काळा असेल तर दोष उन्हाचा नाही.

दुकानदाराकडे जाताना

आता भाग बदलून पाहण्याखेरीज गत्यंतर नाही, आणि घरात दुसरा तसाच संगणक नसल्यास दुकानात जावे लागते. रॅम, प्रोसेसर व कार्ड हे भाग दुकानदाराच्या चालू यंत्रात लावून आपल्यासमोर तपासण्याची विनंती करावी. कॅबिनेट रिक्षातून नेताना जड ग्राफिक्स कार्ड काढून वेगळे न्यावे. रस्त्यातल्या धक्क्यांनी त्याचा खाचा तुटलेला असतो आणि मग तो दोष कोणाचा, यावर वाद होतो. मदरबोर्ड पुण्याच्या सेवाकेंद्राकडे पाठवायचा झाल्यास बैठकीवरचे प्लॅस्टिकचे झाकण लावूनच पाठवावा, कारण झाकणाविना पाठवलेल्या बोर्डाच्या पिना वाटेत वाकल्यास कंपनी वॉरंटी नाकारते. ते झाकण खोक्यात जपून ठेवावे, केराच्या टोपलीत टाकू नये.

बरोबर असावेत असे कागद:

- प्रत्येक भागाचे जीएसटी बिल, शक्यतो त्यावर सिरियल नंबर नमूद केलेले
- खोके आणि त्यावरील लेबलांची छायाचित्रे
- आपण टिपलेला तपासाचा कागद व दिव्यांची छायाचित्रे

खोक्याविना मिळणाऱ्या ‘ट्रे’ प्रोसेसरची वॉरंटी कंपनी थेट देत नाही, ती विकणाऱ्याकडेच मागावी लागते. हजार-पाचशे रुपये वाचवताना हे ध्यानात असू द्यावे. चार ठिकाणांहून भाग घेतले असता प्रत्येक विक्रेता दोष दुसऱ्याच्या मालावर ढकलतो, आणि येथेच आपला तो एका वेळी एक बदल केलेला कागद कामी येतो. संपूर्ण यंत्र एकाच दुकानदाराने जोडून दिले असेल, तर जोडणीतील दोषाची जबाबदारी त्याचीच.

कायद्याने मिळालेले हक्क

‘एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही’ हे बिलावर छापलेले वाक्य सदोष मालाला लागू होत नाही. ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ (अंमल २० जुलै २०२० पासून) नुसार सदोष वस्तू परत घेऊन बिलातील मुदतीत, आणि मुदत नमूद नसल्यास ३० दिवसांत, पैसे परत करण्यास नकार देणे ही अनुचित व्यापारी प्रथा ठरते. बिल देण्यास नकार देणे हीदेखील. इंटरनेटवरून खरेदी केली असल्यास त्या कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याने ४८ तासांत पोच आणि महिन्याभरात निवारण केले पाहिजे, असा २०२० च्या ई-कॉमर्स नियमांचा दंडक आहे. केवळ मन बदलले म्हणून निर्दोष वस्तू परत करण्याचा हक्क मात्र या कायद्यात नाही. तो विक्रेत्याच्या धोरणाचा प्रश्न आहे.

प्रथम लेखी पत्र किंवा ई-मेल पाठवावा, तोंडी बोलण्यावर विसंबू नये. दाद न लागल्यास १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवावी. त्यानंतर जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोगाकडे जाता येते; माल दिल्लीच्या वा बंगळुरूच्या विक्रेत्याकडून आलेला असला, तरी तक्रारदार जेथे राहतो वा काम करतो तेथील आयोगासमोर, म्हणजे सोलापूरच्या रहिवाशास सोलापुरातच, फिर्याद मांडण्याची मुभा या अधिनियमाने दिली आहे. ५ लाख रुपयांपर्यंतच्या खरेदीला शुल्क नाही, वकील दिलाच पाहिजे असे नाही, आणि अर्ज ई-जागृती संकेतस्थळावरूनही करता येतो. निकालासाठी कायद्याने ३ महिने, वस्तूचे प्रयोगशाळेत परीक्षण लागल्यास ५ महिने अशी मुदत घातली आहे. ती नेहमीच पाळली जाते असे समजून मात्र चालू नये, आणि विक्रेता तडजोडीस तयार असेल तर बदली भाग घेऊन मोकळे व्हावे हे व्यवहाराला धरून आहे.

व्यापारी कारणासाठी घेतलेल्या वस्तूचा खरेदीदार या कायद्याने ग्राहक ठरत नाही. पण स्वतः राबून पोट भरण्यासाठी, उदाहरणार्थ झेरॉक्स-डीटीपीच्या छोट्या दुकानासाठी, संगणक घेतला असेल तर तो ग्राहकच. तक्रारीचे कारण घडल्यापासून २ वर्षांच्या आत अर्ज दाखल झाला पाहिजे.